उघडी फट

चैत्र वद्य चतुर्थीची सकाळ. आभाळ कोरडे, वारा पडलेला, डोंगरापलीकडे वणव्याचा धूर.

मुलांनो, त्या डोंगराच्या अलीकडे जंगलात एका जुन्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचे जोडपे राहत असे. धनेशांची रीत अशी की, अंडी घालायची वेळ आली म्हणजे मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट राहते. त्या फटीतून नर तिला रोज फळे भरवतो. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात आणि पिल्ले मोठी होईपर्यंत पुन्हा उगवतात. या धनेशिणीची दोन पिल्ले तेव्हा दहा दिवसांची होती.

त्या सकाळी धनेश उंबरे आणायला डोंगरापलीकडे गेला. संध्याकाळ झाली तरी तो आला नाही. पंचमीला आला नाही. षष्ठीला पिल्लांचे ओरडणे बारीक झाले. तरी भरवण्याची वेळ झाली की धनेशीण म्हणे, "देवा, तुझ्यावर भार," आणि चोच फटीबाहेर काढून थांबे.

समोरच्या फांदीवर एक शेकरू उंबर खात बसले होते. ते म्हणाले, "अगं बाई, रिकामी चोच कुणाला दाखवतेस? उंबरं काय स्वतःच्या पायांनी झाड चढून येणार आहेत? सांग, मी भिंत कुरतडून देतो. माझे दात चांगले आहेत."

"भाऊ, भिंत फोडलीस तर साप आत येईल," धनेशीण म्हणाली. "आणि मी बाहेर पडले तर खाली कोल्हा आहे. मला पंख कुठे आहेत?"

"मग आत उपाशी, बाहेर मरण. तुझं काम संपलंच म्हणायचं!"

"माझ्याकडून संपलं. देवाकडून संपलं की नाही, ते मी कसं सांगू?"

सप्तमीच्या सकाळी धूर डोंगराच्या अलीकडे उतरला. त्याच जंगलात एक म्हातारा धनेश होता. त्याची जोडीदारीण गेल्या वर्षी गेली होती. तरी तो रोज चोचीत उंबर धरून तिच्या रिकाम्या ढोलीपाशी जाई, थोडा वेळ बसे आणि उंबर तिथेच टाकून परत येई. त्या दिवशी धुरामुळे त्याची नेहमीची वाट बंद झाली, म्हणून तो बेहड्यावरून निघाला. खाली त्याला फटीतून बाहेर आलेली चोच दिसली. तो उतरला आणि त्याने उंबर त्या चोचीत ठेवले.

धनेशिणीने ते आत पिल्लांना दिले. चोच पुन्हा बाहेर आली.

"पोरी, तुझा धनी कुठे आहे?" म्हाताऱ्याने विचारले.

"ठाऊक नाही, बाबा. आज चौथा दिवस."

"मग ही चोच कुणासाठी काढून बसली होतीस?"

"देव ज्याला धाडील त्याच्यासाठी. त्याला दार सापडायला नको का?"

म्हातारा फटीजवळ सरकला. मग म्हणाला, "वर्षभर मी देवाला विचारत होतो, हे उंबर आता कुणाला देऊ?" उडण्याआधी त्याने समोरच्या फांदीवर आजही उंबर खात बसलेल्या शेकराकडे पाहिले. "आणि राजे, तुमच्या हातात काय आहे?"

शेकराने हातातल्या अर्ध्या उंबराकडे पाहिले. मग ते खाली उतरले आणि ते अर्धे उंबर त्याने फटीपाशी नेले.

धनेश परत आला नाही, पण म्हातारा आणि शेकरू रोज उंबरे आणत राहिले. वैशाख वद्य दशमीला, उन्हे चढण्यापूर्वी, धनेशिणीने आतून भिंत फोडली. आधी ती उडाली, मग एक पिल्लू आणि थोड्या वेळाने दुसरे.

तात्पर्य : सगळ्या वाटा बंद दिसल्या तरी देवावरचा विश्वास सोडू नये, आणि त्याची मदत जिथून येऊ शकेल ती फट आपल्या हाताने बुजवू नये.