धोंडीकाकांचा तुटका सूर

"…मग तुम्हीच सांगा बुवा, अशा माणसाला आम्ही किती दिवस ओढायचं?"

निवास एका दमात बोलून मोकळा झाला. देवीच्या नगारखान्यातला हा तरुण सनईवाला. बोटं चांगली होती आणि ते इतरांच्या आधी त्यालाच कळलं होतं.

ओढायचं ते धोंडीकाकांना. सत्तरी उलटलेला माणूस. निवास सनई वाजवायचा तेव्हा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. आता तेही होईना म्हणे.

"रोज पहाटे सूर चिरकतो नि तुटतो. त्यांच्या पायी माझी तानही बिघडते. खालची माणसं मान वर करून बघतात, बुवा."

"मग?"

"सुराची पेटी मिळते आता. बटण दाबलं की झालं. विश्वस्त तयार आहेत. तुम्ही हो म्हणालात की उद्यापासून काका घरी."

निवासला सनई अंतूबुवांनीच शिकवली होती. त्याआधी उभा जन्म त्याच नगारखान्यात, त्याच धोंडीशेजारी बसून वाजवली. दात गेले तेव्हा सनई सुटली.

"सनई आणलीयस?"

"आहे."

"पहाटेचं वाजव. एकटा."

निवासला हेच तर हवं होतं. म्हातारा शेजारी नसला की आपण काय चीज आहोत, ते बुवांना एकदा कळू दे.

त्यानं वाजवायला घेतलं. झकास चाललं होतं. मग वरचा लांब सूर आला, दम कमी पडला, आणि सनई फाटक्या आवाजात चिरकली.

"पुन्हा," बुवा म्हणाले.

पुन्हा तिथंच.

"आणखी एकदा."

तिथंच…

"असं रोज होत नाही, बुवा."

निवासनं सनई उलटसुलट करून पाहिली.

"रोज होत असतं तर लोकांना ऐकू आलं नसतं?"

"धोंडीचा सूर कुठं तुटतो?"

निवासनं सांगायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"इथंच…"

रोज याच जागी काकांचा सूर मोठ्यानं चिरकायचा आणि सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळायच्या. त्याची स्वतःचीसुद्धा. परवा तर चारचौघांत तो म्हणाला होता, झेपत नसेल तर उठा काका. आणि काका हसून म्हणाले होते, वय झालं रे बाबा.

इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"काकांनी सांगितलं तुम्हाला?"

"तो कशाला सांगतोय."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

बुवांनी सनई त्याच्या हातातून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत दिली.

"माझ्या वेळी तो दुसऱ्या जागी तुटायचा."