न थांबणाऱ्या हातांचा नकाशा

एका राज्यात तीन गोष्टींची ददात नव्हती: सागरकाठी मीठ, मैदानात तेल आणि डोंगरात तांबे. तिथल्या धवलकेतु राजाला वाटले, हे वैभव एका नजरेत दिसावे. त्याने कृष्णांजन नावाच्या मायावी चिताऱ्याला बोलावले.

"माझे राज्य कापडावर उतरव. कुठे काय पिकते, कुठे काय घडते, सारे दिसले पाहिजे. आणि कोणी रिकामा बसलेला दिसता कामा नये."

"दिसणार नाही, महाराज," चितारी हसून म्हणाला.

भिंतभर नकाशा झाला. समुद्रकाठी आगरी मीठ ओढू लागला, मैदानात तेली घाणा फिरवू लागला, डोंगराखाली तांबट हंड्यावर ठोके घालू लागला. चित्रेच ती, पण हलत होती. आणि ज्यांची चित्रे, ती माणसे घरांतून नाहीशी झाली होती. मिठागरात खडा धरेना, घाण्यातून थेंब गळेना, खाणीतल्या तांब्याची माती झाली. चितारी केव्हाच निघून गेला होता.

राजाला चैन पडेना. बसला की उठे, उठला की फिरे. डोळे मिटले तरी ते हात चालतच राहत.

एके सकाळी तांबटाची बायको चंपावती दरबारात आली.

"महाराज, माझा धनी तुमच्या भिंतीवर आहे. तो मला परत द्या."

"कसा देऊ, बाई? नकाशा फाडू गेलो, तर सुरी लागली तिथून रक्त आले."

तेव्हा राजाची मैना चंपावतीला म्हणाली, "नकाशात मिठाचे नाव आहे, मीठ ओढणाऱ्याचे नाही. घरी ज्या हाकेला माणूस ओ देतो, ती हाक मार, हात थांबेल. तिन्ही थांबले की शाप तुटेल. पण आत जाणाऱ्याला रंग चढतो. तो गळ्यावर गेला की तूही चित्र होशील."

चंपावती सात दिवस चालली. सागरकाठी आगऱ्याची म्हातारी आई म्हणाली, "पन्नाशीचा झाला, तरी मी त्याला सोनुल्याच म्हणते." मैदानात तेल्याची बहीण म्हणाली, "आम्ही सगळी त्याला आबू म्हणतो."

परत येऊन तिने नकाशात पाऊल टाकले. तळव्यांना निळा रंग लागला.

"सोनुल्या!" आगऱ्याने मान वर केली, फावडे गळून पडले. रंग गुडघ्यांवर आला.

ती धावत सुटली. "आबू!" घाणा कुरकुरत थांबला. रंग छातीवर आला.

डोंगराखाली तिचा नवरा ठोक्यावर ठोका घालत होता. त्याचे नाव तिने जन्मात उच्चारले नव्हते. जीव मुठीत धरून तिने हाक मारली, "रत्नोजी!"

हातोडा थांबला नाही. रंग गळ्याशी आला. तिला काही सुचेना. आणि रोज दुपारी ताट वाढून म्हणायची तेच तोंडून निघून गेले:

"अहो, ऐकलंत का? जेवायला चला."

हातोडा हवेतच राहिला. रत्नोजी वळला. तोच नकाशावरचे रंग भिंतीवरून ओघळले आणि चौघेही दरबाराच्या फरशीवर उभे राहिले. मिठागरे पांढरी झाली, घाणे गळू लागले, खाणीत तांबे लकाकले. राजा महिन्याभराने सिंहासनावर टेकला.

"बाई, आता असा नकाशा मी कधी काढवणार नाही," तो म्हणाला.

"काढवा, महाराज. पण त्यात एखादा माणूस झाडाखाली बसलेलाही दाखवा."

राजाने मान झुकवली.

घरच्या वाटेवर चंपावतीने विचारले, "मी आधी नावाने हाक मारली, ती ऐकू नाही आली?"

"आली की," रत्नोजी म्हणाला. "वाटलं, दरबारातून कोणी कामाला बोलावतंय. म्हणून हात आणखी जोरात चालवला."

त्या तिघांना जसे हाक मारणारे माणूस भेटले, तसे कष्टणाऱ्या प्रत्येकाला भेटो.