मागच्या दारातली मांजरे

एका बाजारपेठेच्या गावाबाहेर, नदीकाठच्या आश्रमात, विश्वंभर नावाचा साधक स्वयंपाकघराची व्यवस्था पाहत असे. मनाने अत्यंत कोमल. पंगत उठली की उरलेला भात ताकात कालवून तो मागच्या दाराशी ठेवी आणि भटकी मांजरे त्यावर तुटून पडत. बघता बघता ती फार वाढली. पिले सरपणाच्या ढिगात जन्मत आणि त्यातली बरीचशी डोळे चिकटून, उपासाने मरत. शेजारच्या धान्यव्यापाऱ्याच्या गोदामात पोत्यांवर घाण होऊ लागली. एके दिवशी तो तावातावाने आला. "आता बंदोबस्त करा महाराज, नाहीतर मी विष घालतो!"

आश्रमाचे वृद्ध गुरुजी तेव्हा परगावी होते. विषाच्या नुसत्या उच्चाराने विश्वंभर हादरला. त्याने खाऊ दाखवून मांजरे पोत्यांत भरली आणि टेम्पोतून घाटापलीकडच्या रानात नेऊन सोडली. जीव वाचले, या समाधानात तो परतला.

पण पावसाळा सरता सरता मागच्या दाराशी नवीच मांजरे बसू लागली. हिवाळ्यात त्यांनाही पिले झाली.

गुरुजी परतले. त्यांनी सारे पाहिले, ऐकून घेतले. त्यांनी पिंजरे आणवले. एकेक मांजर धरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले आणि त्याची नसबंदी करवली. खूण म्हणून डॉक्टरांनी प्रत्येकाच्या कानाचे टोक किंचित छाटले. जखमा भरल्यावर गुरुजींनी पिंजरे त्याच मागच्या दाराशी उघडले.

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "धरलेली पीडा पुन्हा दारात सोडली?"

विश्वंभरालाही काही उमगेना.

गुरुजी म्हणाले, "शेटजी, जिथे अन्न आहे, उंदीर आहेत, तिथली जागा ओस राहत नाही. ही नेली तर दुसरी येतील. ही राहिली तर परक्यांना सहसा शिरू देणार नाहीत, आणि यांना पिले होणार नाहीत. कुणी नवे आलेच, तर त्यालाही डॉक्टरांकडे नेऊ. अन्न मोजकेच ठेवू, तुमच्या गोदामातली घाण आम्ही काढू. वेळ लागेल. दया एका दिवसात उरकता येत नाही."

व्यापारी "बघू" म्हणत निघून गेला.

"गुरुजी," विश्वंभराने हळूच विचारले, "मग मी नेऊन सोडलेली?"

"तुझा हेतू निर्मळ होता. पण त्यांचे काय झाले, ते हेतूला विचारून कळायचे नाही. जाऊन पाहा."

दुसऱ्या दिवशी तो घाटापलीकडे गेला. रानात पुष्कळ हाका मारल्या. शेवटी रस्त्याकडेला चहा विकणारी बाई म्हणाली, "ती मांजरं होय? माणसाळलेली होती बिचारी, शिकार जमंना. काही गाडीखाली गेली, काही कुत्र्यांनी धरली. एक पिवळी तेवढी लई दिवस इथं बसायची. धोतरवाला कुणी उतरला की धावत त्याच्या पायाशी जायची."

विश्वंभर धोतराचा सोगा मुठीत धरून उभा राहिला. "आता कुठे आहे ती?"

बाईने नुसती मान हलवली.

संध्याकाळी तो परतला. मागच्या दाराशी अखंड कानांची एक नवी मांजरी आली होती. विश्वंभराने पिंजऱ्यात खाऊ ठेवला आणि जरा दूर बसला. जेवणाची हाक आली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तुम्ही बसा. ही आत शिरेपर्यंत मी इथेच आहे."

नजरेआड केलेले दुःख संपत नाही. ते कुणीतरी दूर कुठे एकट्याने भोगत असते.