धुरपाचा दोर

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. कुमू, पाय पांघरुणात घे आधी. त्या गावाला पाण्याचा आड एकच, दहा पुरुष खोल. आणि तिथली रीत अशी, की दोर ज्याचा त्यानं वळायचा. दुसऱ्याचा मागायचा नाही, आपला द्यायचा नाही.

तिथं धुरपा नावाची बाई राहायची. नवरा नव्हता. एकच लेक, बयो, तुझ्याएवढी. धुरपाचा दोर गावात सगळ्यांत चिवट, बरं का. अंबाडी ती स्वतः सोलायची आणि तीन पदरांचा पीळ स्वतः घालायची.

मग एक दिवस भर दुपारी डोंगरावरून राक्षस उतरला. त्याची नखं कोयत्याएवढी. पहिल्या दिवशी त्यानं धुरपाची शेळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी छप्पर फाडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "उद्या पोरगी." धुरपा दारोदार फिरली. गावानं आतून कड्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी तो आला. बयो आडाकडे पळाली, तो मागे. ती काठावर झटकन वळली. त्याला काही वळता येईना, आणि तो धाडकन आत पडला.

आता मात्र कड्या निघाल्या. सगळे शूर झाले आणि दगड घेऊन आले. म्हणाले, बुजवून टाकू. तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, दोर टाक. बुडतोय मी." बयो आईच्या पदरात शिरली.

धुरपाकडे तिच्या आईची पोथी होती. तीत सांगितलं होतं, वैरी संकटात सापडला तरी त्याच्यावर दया करावी. आणि पुढच्याच पानावर, आपला भार आपण उचलावा. मीही वाचते हो पोथी रोज. पण वैऱ्याचं पान आलं की माझी जीभ अडखळते. वाटतं, लिहिणाऱ्याला बयो नसेल. धुरपालाही तसंच वाटलं.

तरी तिनं दगडवाल्यांना मागं सारलं. दोराचं एक टोक चिंचेला बांधलं, दुसरं आत सोडलं. म्हणाली, "दोर माझा. चढायचं तुझं तू. मी ओढणार नाही."

मग राक्षस चढायला लागला. नखांनी एक पदर कापला गेला, तो खाली आपटला. पुन्हा चढला. दुसरा पदर गेला. उरला एकच. "ओढ की," तो म्हणाला. धुरपा म्हणाली, "तुझी नखंच दोर कापतायत. ती काढलीस तर वर येशील."

मग कट. मग पुन्हा कट. तो दातांनी आपली नखं तोडत होता. असं दहा वेळा झालं. मग दोर ताणला गेला, एकटा पदर करकरला, आणि काठावर एक काळा हात आला.

गाव पुन्हा पळालं. धुरपा पळाली नाही, कारण तिचे पायच उचलेनात. राक्षस वर आला. बोटांतून रक्त गळत होतं. तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि बयोनं डोळे मिटून घेतले.

धुरपानं अंबाडीची एक जुडी त्याच्यापुढे टाकली. "माझा दोर तुटला. तो आता तू वळ."

तो खाली बसला, आणि वळायला लागला.

तो तिथंच राहिला. नखं पुन्हा वाढायची, बरं का. ती वाढणारच. दर आठ दिवसांनी तो आपली आपण तोडायचा, आणि धुरपा समोर बसून बघायची. तिची भीती कधी पुरती गेली नाही. बयोला तिनं त्याच्याजवळ एकटं सोडलं नाही. पण बयोच्या लग्नाचा मांडव त्यानं वळलेल्या दोरांनीच बांधला, आणि सगळे सुखानं नांदले.

कुमू, हात बघू तुझे. शेजारच्या मुक्तीला काल ओरबाडलंस ना? वाढलीत बघ. आत्ता नको, रात्री कापू नयेत. सकाळी तुझी तू काप, मी शेजारी बसेन. मिट आता डोळे.