झिपरोजींची दाढ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा रानातल्या जनावरांनाही सभा भरवण्याचा मोठा सोस होता.

त्या रानात झिपरोजी नावाचं अस्वल सगळ्यांचा पुढारी होतं. दर आठवड्याला ते ओढ्याकाठच्या दगडावर उभं राहून सांगे, "रोज सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाच्या काडीनं दात घासा!" जनावरं टाळ्या वाजवत आणि दात न घासताच घरी जात. झिपरोजी स्वतःही पोळ्यातला मध चाटून तसंच आडवं होई. आपण इतरांना सांगतो तेवढं पुरे, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

एका सभेत बोलता बोलता त्याच्या दाढेतून अशी कळ आली, की ते मटकन खालीच बसलं. सुतारपक्षीण आजींनी दाढ चोचीनं ठोकून पाहिली आणि उपटून काढली.

"झिपरोजी, ही तर गेली. उरलेल्या रोज घासा."

"पण आजी, मी इतकी वर्षं तेच तर सांगतोय!"

"सांगितलंत लोकांना. दाढेला कुठं ऐकू येतं?"

झिपरोजी ओशाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओढ्यावर काडी चावत बसलं. कडू रसानं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी ते घासतच राहिलं. पाणी प्यायला आलेल्या माकडांनी विचारलं, "झिपरोजीराव, आज भाषण नाही का?"

तोंडात काडी असल्यामुळे झिपरोजीला बोलता येईना. माकडं थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग त्यांनीही लिंबाच्या काड्या मोडल्या.