म्हशीच्या वाट्याची उसळ

एका गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, लोखंड ओतायचा एक कारखाना होता. दुंडाप्पा त्याचे मालक. तिथली माणसं तेलकट काळ्या वाळूचे साचे करत आणि भट्टीतला रस त्यांत ओतत. दुपारचा भोंगा झाला की सगळे फाटकाबाहेरच्या गाड्यावर जात, कागदात गुंडाळलेली भजी-पाव उभ्याउभ्या खात आणि दुसऱ्या भोंग्याआधी परत येत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एकदा केरबा नावाचा जुना कामगार भट्टीपुढे चक्कर येऊन खाली बसला. डॉक्टरांनी तपासलं, तर रक्तात साखर फार.

"रोज हे तळलेलं खाल्लंत, तर आधी डोळे जातील आणि मग काम," डॉक्टर म्हणाले.

दुंडाप्पा मनानं चांगले होते. त्यांनी कारखान्यातच स्वयंपाकघर उघडलं. फुकट जेवण: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांद्याची पात, ताक. रांधायला गावातल्या सगुणाबाईंना नेमलं. त्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

सगुणाबाई पहाटे उठून भाकऱ्या थापत. दुपारी पातेल्यावरचं झाकण काढून वाट बघत. भोंगा होई, माणसं दारावरून गाड्याकडे जात. संध्याकाळी सगुणाबाई भरलं पातेलं कमरेवर घेऊन घरी जात आणि दावणीच्या म्हशीपुढे रिकामं करत. म्हैस तेवढी बाळसं धरू लागली.

दुंडाप्पांनी केरबाला गाठलं. "जेवणाला हात का लावत नाही रे कुणी?"

"हात लावायची सोय नाही, मालक," केरबा म्हणाला आणि साच्यावर वाकला.

दुंडाप्पांना वाटलं, उसळ इतकी बेचव होते. ते तडक स्वयंपाकघरात गेले. "सगुणाबाई, चव सुधारा." केरबानं ते ऐकलं. पण दमलेला माणूस एक गोष्ट दोनदा सांगत नाही.

सगुणाबाईंनी मसाला बदलला. मग मटकीऐवजी चवळी केली. मग खोबरं घातलं. दुंडाप्पांनी भिंतीवर पाटी लावली: आरोग्य हेच धन. पाटीखालून माणसं गाड्याकडे जातच राहिली.

"मालक, तुमची चवळी म्हशीला मानवली बघा," एक जण जाता जाता म्हणाला. बाकीचे हसले. दुंडाप्पा हसले नाहीत.

"या लोकांच्या जिभेला तळलेलंच लागतं," ते सगुणाबाईंना म्हणाले. "शनिवारनंतर चूल पेटवू नका."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. वाद घालण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी, भोंग्याच्या जरा आधी, केरबाला पुन्हा चक्कर आली. तो साच्यांवरच कलंडला. दुंडाप्पा जवळच होते. त्यांनी त्याला काखेत धरून उचललं, वाळूतून ओढत बाहेर आणलं आणि स्वयंपाकघरात बसवलं. सगुणाबाईंनी दोघांपुढे ताटं ठेवली.

"त्याला चार घास खाऊ देत, मालक. तुम्हीही खा. आज शेवटचंच आहे."

दुंडाप्पांनी भाकरीकडे हात नेला आणि तो मधेच थांबला. हात कोपरापर्यंत काळा होता. बोटांच्या पेरांत, नखांत वाळू चिकटली होती.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले.

"या, मालक," केरबा भिंतीला टेकून म्हणाला. "मी इथंच आहे."

कारखान्यात नळ एकच होता. दुंडाप्पांच्या खोलीत वेगळं बेसिन होतं, म्हणून या नळाशी ते कधी उभे राहिले नव्हते. तोवर पहिला भोंगा झाला होता आणि पुढे माणसांची रांग होती. पाणी करंगळीएवढं पडत होतं. कुणी चूळ भरत होतं, कुणी तोंडावर पाणी मारत होतं. हाताचा काळा थर काही निघत नव्हता. रांगेतला एक जण कंटाळून निघाला, गाड्यावरून पुडी घेऊन आला आणि कागद धरून भजी खाऊ लागला. बोट लागत होतं ते फक्त कागदाला.

मालक म्हणून कुणी त्यांना पुढे जाऊ दिलं असतं, पण त्यांनी मागितलं नाही. त्यांचा नंबर यायच्या आत दुसरा भोंगा झाला.

दुंडाप्पा तसेच काळ्या हातांनी परतले. सगुणाबाई केरबाला भाकरी ताकात कुस्करून चमच्यानं भरवत होत्या.

"तू मला सांगितलं होतंस," दुंडाप्पा म्हणाले.

"सांगितलं होतं, मालक," केरबा म्हणाला.

सोमवारी चूल पेटली. आठवडाभरात भिंतीलगत नळांची रांग आली, साबण आला आणि दुसरा भोंगा उशिरा होऊ लागला. सगळे काही लगेच आले नाहीत. काहींना भजीच प्यारी होती. पण केरबा आला, त्याच्यामागून त्याच्या बाजूचे आले, आणि हळूहळू पंगत भरू लागली.

एका संध्याकाळी सगुणाबाई रिकामं पातेलं घेऊन घरी गेल्या. म्हैस दावं ताणून हंबरली.

"गप बाई," सगुणाबाई म्हणाल्या. "आजपासून तुला कडबा."

तात्पर्य: चांगलं अन्न पुढे ठेवलं म्हणजे जेवू घातलं असं होत नाही, खाणाऱ्याचा हात ताटापर्यंत पोचतो का, हेही पाहावं लागतं.