बुजवलेलं दार

"पण का राहू दे, चाचा? कारण सांगा ना!"

यासीनचाचा चुना मळत राहिले.

बुजवलेलं दार मोकळं करू का, असं ऋजुताने तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच. राहू दे.

यासीनचाचा सोनखांब गावचे गवंडी, वय अठ्ठ्याहत्तर. गावातल्या जुन्या शाळेची डागडुजी आधी त्यांचे वडील करायचे, मग ते करू लागले. ऋजुता बेलसरे शहरात वास्तुकला शिकलेली. ही इमारत पूर्वीसारखी करायचं काम तिच्याकडे आलेलं. चुन्याचं काम हातांनी शिकायचं म्हणून वर्षभर ती चाचांच्या हाताखाली राबत होती. चुना आला. एकाही प्रश्नाला धड उत्तर मात्र आलं नाही.

शाळा म्हणून बांधलेली ही इमारत शाळा राहिली अवघी अकरा वर्षं. मग प्लेग आला आणि वर्गांत खाटा पडल्या. पुढे कोर्ट आलं. कोर्ट गेलं, तर धान्याचं गोदाम. आता वरच्या मजल्यावर बायकांचा शिवणवर्ग चाले, आणि खाली ग्रंथालय व्हायचं होतं.

जो आला त्याने भिंतींना हात घातला. पोरांनी बाहेर बघू नये म्हणून मुळात खिडक्या डोक्याच्याही वर होत्या. इस्पितळाने त्या खाली आणल्या, आजाऱ्याला झाड तरी दिसावं म्हणून. कोर्टाने पश्चिमेचं कमानीचं दार दगडांनी बुजवून टाकलं. गोदामाने उरल्यासुरल्या उजेडाला जाळी ठोकली.

"कुणाला कसली चाडच नव्हती," ऋजुता म्हणाली. "आला तो तोडत गेला, जोडत गेला. ते पश्चिमेचं दार मी आज मोकळं करणार."

"राहू दे, बेटा."

"अहो, का?"

"चुना मळ."

"वर्षभर हेच चाललंय!" ती कडाडली. "विचारलं की म्हणे चुना मळ. मळला की म्हणे अजून मळ. मी काय भिंतीशी बोलतेय?"

चाचांनी घमेल्यात पाण्याची धार सोडली.

ती तरातरा गेली आणि हाताशी असलेल्या दोन्ही गड्यांना तिने दाराचे दगड काढायला लावलं.

पहिला दगड निघाला. दुसरा निघाला. तिसरा जरा अडला, मग तोही निघाला.

चौथा निघाला आणि कमान बोटभर खाली आली.

करकर आवाज झाला, धुरळा उडाला. गडी मागे उडाले. वर शिवणयंत्रांची खडखड चालूच होती.

"बायांना खाली आण! एकेक करून!" चाचा एका गड्यावर ओरडले. तोवर टेकू द्यायचा सागवानी धिरा त्यांनी कमानीखाली ओढलाही होता. पाचर घातली, दोन घाव मारले.

"खांदा लाव."

ऋजुताने धिऱ्याला खांदा लावला.

वरची खडखड थांबली. बाया उतरू लागल्या. कुणाच्या हातात अर्धं झंपर, कुणाच्या गळ्यात टेप. शेवटची बाई अंगणात पोचली तेव्हा कुठे ऋजुताने श्वास सोडला.

मग तिने मान वर करून पाहिलं. कमान मधोमध खचली होती. आज नव्हे, फार पूर्वीच. कोर्टाने वर दप्तरांची कपाटं मांडली असणार. त्या भाराने कमान वाकली आणि खालच्या दगडांवर टेकली. त्याच दगडांवर, जे ती उपटत होती. तेव्हापासून वरचा मजला त्यांनीच पेलला होता.

आणि तिचा संताप पुन्हा उसळला.

"तुम्हाला माहीत होतं! मग सांगितलं का नाहीत?"

"मला कुठे माहीत होतं?"

"मग राहू दे, राहू दे... कशाच्या जोरावर म्हणत होतात?"

"अब्बा म्हणायचे."

"आणि त्यांना कारण ठाऊक होतं?"

"विचारायचं राहून गेलं."

ऋजुताने धिऱ्यावर खांदा आणखी रेटला.

चाचा खाली बसले. काढलेले दगड एकेक करून परत बसवू लागले. दगड उचलायचा, फिरवायचा, लावून बघायचा. नाही जमला की काढायचा. पुन्हा फिरवायचा.

"चाचा, जरा भरभर..."

ठक्. ठक्.

तिचा खांदा बधिर झाला. घामात मिसळलेला चुना डोळ्यात उतरला, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ते पाहून एक गडी तिच्या जागी यायला पुढे झाला.

खांदा बदलताना धिरा हलला असता. चाचांनी नुसता हात वर केला. गडी थांबला.

"अहो, हे काय!" ऋजुता रडकुंडीला आली. "अजून किती वेळ धरून उभी राहू मी?"

चाचांनी हातातला दगड उलटा करून पाहिला.

"अजून किती वेळ? शाळेतल्या पोरानं, खाटेवरच्या आजाऱ्यानं, कोर्टात ताटकळलेल्यानं... इथं आला त्या प्रत्येकानं हेच विचारलं, बेटा."